हायड्रोजनचा सामायिक गणपती

भांडुप पश्चिमेला टेकडीच्या उतारावर, पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत माझा बारावीचा क्लास आहे. खाली गिरणी घरघरते, वर मी तिच्यावर आवाज चढवून रसायनशास्त्र शिकवतो. माझे तास खिडकीतून ऐकून मुलुंडची निम्मी पोरं पास झाली, असं मी दरवर्षी सांगतो. खोटं वाटत असेल तर जाऊन विचारा म्हणतो. अजून कुणी गेलेलं नाही.

सहसंयुज बंध शिकवायची माझी एक खास गोष्ट होती. हायड्रोजनच्या अणूकडे इलेक्ट्रॉन एक, पाहिजेत दोन. शेजारचाही तेवढाच कंगाल. कोण कुणाला देणार? मग दोघं आपापला एकेक मध्ये ठेवतात आणि ती जोडी दोघांचीही होते. "हे कसं, माहितीय?" मी गरजायचो. "कोकणातले दोन भाऊ, राहायला इथल्या चाळीत. चुली वेगळ्या, गणपती एक. मूर्ती थोरला आणणार, वर फळापानांची माटवी धाकटा बांधणार. मूर्ती त्याची, माटवी ह्याची, पण विचाराल त्याला दोघंही सांगणार, आमचा गणपती!" पोरं खूश. कोकणातली तर जास्तच खूश.

इथेच थांबलो असतो तर काही बिघडलं नसतं. पण गोष्ट शेपटाशिवाय सोडायची माझी जात नाही. मी त्या भावांचं भांडण लावलं. गणपती वेगळे झाले त्या दिवशी टोप उडाले, बायका आरडल्या, घाटकोपरपर्यंत ऐकू गेलं, चाळीचा फ्यूज गेला. "म्हणजे काय? बंध तुटला की ऊर्जा बाहेर!" वर परीक्षानळीत हायड्रोजन भरून पेटती काडी धरली. फट्! "बघा, तुटला!" बावीस पोरांनी वहीत लिहून घेतलं.

त्यातली एक खाडीकडच्या कोळीवाड्यातली. आई मच्छी विकते, घरात बारावीपर्यंत पोचलेली ही पहिलीच, फार्मसीला जायचं म्हणून झपाटलेली. गेल्या फेब्रुवारीत, तिची तोंडी परीक्षा झाली त्या दुपारी, ती पार्ल्याच्या कॉलेजातून थेट क्लासवर आली. बसली नाही.

"सर, बंध तुटताना ऊर्जा बाहेर पडते ना?"

"का गं?"

"बाहेरून आलेल्या मॅडम म्हणाल्या, पडत नाही, द्यावी लागते. मी भांडले त्यांच्याशी."

"भांडलीस?"

"मग? म्हटलं, आमच्या सरांनी करून दाखवलंय. त्यांनी दोनदा चान्स दिला, सर. नीट विचार कर म्हणाल्या. मी तेच धरून बसले. सगळी लॅब हसली. मग त्यांनी पुढचा नंबर पुकारला."

"अगं, तसं बघायला गेलं तर, एका अर्थाने..." मी सुरुवात केली. शब्द माझ्याकडे नेहमी पोत्याने असतात.

"सर, हो की नाही?"

खाली गिरणी नेमकी तेव्हाच बंद पडायला हवी होती का? पडली.

"नाही," मी म्हटलं.

मग खालच्या आवाजात सगळं नीट सांगितलं. जोडी जमताना ऊर्जा बाहेर पडते, म्हणून तर अणू एकत्र राहतात. तोडायचं तर तेवढीच परत घालावी लागते. तो फट् आवाज तुटण्याचा नव्हताच. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे जुने बंध तोडायला जेवढी ऊर्जा लागली, त्याहून जास्त पाण्याचे नवे बंध जुळताना बाहेर आली. आवाज त्या जास्तीचा.

"म्हणजे जुळण्याचा आवाज होता," ती म्हणाली. "आणि त्या भावांचं? फ्यूज वगैरे?"

हे तिने विचारायला नको होतं. तो धाकटा भाऊ मीच. कुणी ओरडलं नव्हतं. टोप जागेवर होते. वेगळा गणपती आणायचं ठरवलं, तरी ते दादाला जाऊन सांगायला चार वर्षं मी धजलो नव्हतो. तीनदा त्याच्या जिन्यापर्यंत गेलो आणि परत फिरलो. शेवटी त्यालाच कळलं. "वेगळी मूर्ती सांगितलीस काय रे?" एवढंच विचारलं त्याने. मी "होय दादा" म्हटलं आणि घरी येऊन दोन दिवस तापकऱ्यासारखा पडून राहिलो. बाहेर काही पडलं नाही. तोडायला होतं नव्हतं ते बळ घालावंच लागलं. खरी गोष्ट सांगितली असती तर पोरांना विज्ञानही बरोबर कळलं असतं. पण ती सांगताना वर्गापुढे माझा आवाज निघाला नसता, म्हणून मी फ्यूज उडवला.

यातलं अर्धंच तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ग्रुपवर टाका. लेखी पेपरला अकरा दिवस आहेत. बाकीचे पण तेच लिहितील."

मी मोबाइल काढला. 'प्रिय विद्यार्थी मित्रांनो, विज्ञानाच्या इतिहासात मोठमोठ्यांकडूनही...' एवढं टाइप झालं होतं. तिने माझ्या खांद्यावरून वाचलं.

"गोष्ट नको, सर. एक ओळ."

एक ओळ टाकली: बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते, मी चुकीचं शिकवलं होतं. आयुष्यात एवढं थोडक्यात मी काही लिहिलेलं नाही. खाली बावीसांचे अंगठे येतील म्हणून पाहत बसलो. कुणीतरी एकाने लिहिलं, 'सर, आता सांगताय?'

ती आता बसली. पिशवीतून वर्षभराची वही आणि पाठ्यपुस्तक काढलं, वहीचं पहिलं पान उघडलं.

"आता अजून काय काय वाढवून सांगितलंय, ते बघू."

पाण्याच्या रेणूपाशी आलो. ऑक्सिजन दोन हायड्रोजनशी एकेक जोडी वाटून घेतो, आणि दोन जोड्या त्याच्या स्वतःच्या राहतात. "बरोबर," मी म्हटलं. पुढे नायट्रोजन. दोन अणूंत तीन जोड्या, तोडायला महाकठीण. "हेही बरोबर. अगदी शंभर टक्के."

तिने पेन हातात धरलं होतं, पण माझ्या 'बरोबर'वर खूण केली नाही. आधी पाठ्यपुस्तक उघडलं आणि पान शोधायला लागली.