फिरत्या घराचं लायसन

मी सोनगीर सोडलं त्या दिवशी घरात वाद झाला तो गाडीवरून. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पहाटेच आमचा ट्रक धुऊन पुसून लख्ख केला होता. यावलहून केळी भरून आग्रा रोडने वरती नेणारा ट्रक तो. बॉडीच्या फटीत केळीची सुकलेली पानं अडकलेली असायची, तीसुद्धा त्यांनी काडीने कोरून काढली होती. म्हणाले, "तुले मुंबईलगून आपली गाडीवरच सोडस. पोऱ्या अमेरिकाले जाई राहना, बसमा कसाले जाई?"

विमानतळावर केळीचा ट्रक! मी हसलो. मायने मात्र कपाळावर हात मारला आणि विचारलं, "आन मंग गाडी परत कोन लई येई?"

विमानात बसणारा मी आणि गाडी चालवणाराही मीच. आबा नुसते हातात फडकं घेऊन उभे. शेवटी फाट्यावरून बसच धरली. माय म्हणाली, "खाईपीसन ऱ्हाय." आबांनी जयभीम घातला आणि बस हलायच्या आतच पाठ फिरवली. तेव्हा मला त्यांचा राग आला होता, आता येत नाही.

तुम्ही जे गावाकडेच राहिलात त्यांना आमच्या गाडीवरची जोडी आठवत असेल. आबांनी जन्मभर दुसऱ्यांचे ट्रक चालवले, मग कुठे स्वतःचा जुना ट्रक घेतला, आणि घेतला न घेतला तोच एका डोळ्याने दगा दिला. हेवीच्या, म्हणजे अवजड गाडीच्या, लायसनचं नूतनीकरण करायचं म्हणजे डॉक्टरचा दाखला लागतो. धुळ्याच्या डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली आणि सही केली नाही. मग स्टिअरिंगवर मी आणि क्लीनरच्या जागेवर आबा. ढाब्यावर लोक टोमणे मारायचे, "मालकच क्लीनर, वा रे शेठ!" आबांना काही वाटायचं नाही, निदान तसं दाखवायचे नाहीत. गाडीला लिंबू-मिरची बांधायला कोणी सांगितलं तर म्हणायचे, "लिंबू काय ब्रेक मारस का?"

आणि क्लीनर म्हणून आबा पहिल्या नंबरचे. गाडी मागे घ्यायची झाली की ते खाली उतरून मागे उभे राहत आणि बॉडीवर हाताने थाप मारत. दोन थापा म्हणजे येऊ दे, एक थाप म्हणजे थांब. यावलच्या बागांमधल्या बोळांत, जिथे दोन्ही बाजूंनी केळीचे घड गाडीला घासतात, तिथे मी इतकी वर्षं गाडी मागे घेतली ती कानांनी. आरशात बघायला लागलो की ओरडायचे, "आरसा खोटं बोलत नही, पन बठ्ठं सांगत बी नही!" आरसा सगळं सांगत नाही म्हटल्यावर मी आरशाकडे बघणंच सोडून दिलं. आमच्याकडचे बहुतेक ड्रायव्हर असेच. मागचं मागचा बघेल.

मी अमेरिकेत गेलो तो बायकोच्या मागोमाग. मंगल दीपनगरची, वडील वीजकेंद्रात, ती स्वतः नर्स. नव्वद सालच्या पुढेमागे तिला तिकडच्या हॉस्पिटलात नोकरी लागली, ती आधी गेली, मी नंतर. ती ड्युटीवर गेली की मी अपार्टमेंटमध्ये एकटा. स्वयंपाक शिकलो, व्हॅक्यूम मारायला शिकलो. ते काम हलकं नाही, पण मी ड्रायव्हर आहे हो. आमचं आधीच ठरलं होतं, की हातात गाडी आली तर मी राहीन, नाही आली तर सोनगीरला परत जाईन आणि मंगल करार संपवून येईल. आबांनाही हे माहीत होतं. म्हणून तर त्यांनी ट्रक विकला नव्हता आणि दुसऱ्या ड्रायव्हरच्या हातीही दिला नव्हता. घराशेजारच्या मोकळ्या जागेत तो ताडपत्रीखाली उभा होता.

गाडी मिळाली ती अशी, की बघून हसावं की रडावं कळेना. गावाबाहेर वॉल्टर नावाच्या म्हाताऱ्याचं एक आवार होतं, तिथे मोटरहोम भाड्याने मिळायची. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. बसएवढं धूड, आत पलंग, शेगडी, फ्रिज, न्हाणीघर, संडास. रिटायर झालेले लोक ते घेऊन महिनोन् महिने हिंडतात. मी फोनवर आबांना सांगितलं. सोनगीरला शेजारच्या दुकानात फोन होता, दुकानदार हाक मारायचा आणि आबा धावत यायचे. ऐकून म्हणाले, "गाडीमा संडास? मंग गाडी कोन धुस?" मग पुन्हा म्हणाले, "घर सोडीसन फिरतस, आन घर बी संगे लई जातस? मंग सोडं काय?"

वॉल्टरला ही घरं, आणि लोकांची स्वतःचीही, या गावातून त्या गावात पोचवायला माणूस हवा होता. मी खिशातून धुळ्याचं हेवीचं लायसन काढलं, घड्या पडून मऊ झालेलं. त्याने ते दोन्ही हातांत धरून बघितलं आणि तसंच अदबीने परत दिलं. इथे चालत नाही म्हणाला. तिथला नियम मोठा गमतीचा. आम्ही राहायचो त्या राज्यात असं होतं, की घर स्वतःच्या मौजेसाठी असेल आणि ठरलेल्या वजनाच्या आत असेल, तर साधं कारचं लायसन पुरे. म्हणजे जन्मात ट्रकला हात न लावलेला दातांचा डॉक्टर बायकोला शेजारी बसवून बसएवढं घर रस्त्यावर काढणार, आणि कोणी हटकणार नाही. वजन मर्यादेपुढे गेलं की लायसनचा वर्ग बदलतो. मग लेखी परीक्षा निराळी, गाडी तपासून दाखवायची निराळी, रस्त्यावरची निराळी, एअर ब्रेक असले तर त्याची आणखी एक. आणि पगार घेऊन चालवायची तर याच्याही वरचं लायसन, मला हवं होतं ते. शेजारच्या राज्यात पुन्हा नियम वेगळे. आग्रा रोडवरचा सेंधव्याचा घाट ओव्हरलोड गाडीने उतरलेला माणूस मी, आणि मला शिकाऊ लायसन! शेजारी लायसनवाला बसल्याशिवाय चावी फिरवायची नाही. वॉल्टर बसायचा, आणि बसल्या बसल्या घोरायचा.

लेखी परीक्षेची मंगलने तयारी करून घेतली. तिने मला असं झापलं, की वॉर्डातल्या पेशंटची दया आली. लेखी पास झालो. तपासणीत तर मी भाव खाल्ला. टायर, नट, पाइप, दिवे, एकेक गोष्ट हाताने दाखवत गेलो. परीक्षक एक सडपातळ बाई होत्या, त्यांनी मान डोलावली. मग गाडी मागे घ्यायची वेळ आली. नारिंगी शंकूंच्या दोन रांगा, त्यांच्या मधून घर मागे न्यायचं. मी रिव्हर्स टाकला, थोडा मागे गेलो, आणि थांबलो.

थांबलो तो थांबलोच. पाय ब्रेकवरून निघेना. बाई वाट बघताहेत, मी वाट बघतोय. त्यांना वाटलं, मला मागे काही दिसलं. त्या उतरल्या, मागे जाऊन वाकून बघून आल्या आणि म्हणाल्या, रस्ता मोकळा आहे. मी म्हटलं, हो. आणि तरी थांबलो! अहो, मी थापेची वाट बघत होतो. डोक्याला कळत होतं की मागे कोणी नाही, पण पायाला कोण सांगणार? बाईंनी विचारलं, काय झालं? माझ्या त्या वेळच्या इंग्रजीत मी म्हणालो, माझे वडील इथे नाहीत. त्यांनी माझ्याकडे जरा दयेने बघितलं आणि नापास केलं. वडील वारले असं त्यांना वाटलं असणार.

त्या रविवारी फोन केला. "नापास व्हयनू," म्हटलं. पलीकडून आबा म्हणाले, "अरेरे," पण ते अरेरे काही केल्या अरेरेसारखं ऐकू येईना. आवाजातला आनंद लपवणं त्यांना कधीच जमलं नाही. लगेच म्हणाले, "मंग ई जाय घर. गाडी उभीच शे. मी रोज चालू करीसन देखस, एक सेल्फमा चालू व्हस." मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. कोणीतरी आपल्या नापास होण्याने इतकं खूश होतं, असं भाग्य किती जणांच्या वाट्याला येतं? मंगलने माझा चेहरा बघितला आणि म्हणाली, "जायचं असेल तर जा. पण जमत नाही म्हणून जाऊ नकोस." ती चिडून नव्हती बोलली.

मग मी वॉल्टरच्या आवारात गाडी मागे घ्यायला शिकलो. सुरुवातीला त्यालाच म्हटलं, मागे उभा राहून जरा थाप मार. तो म्हणाला, परीक्षेला मी नसेन, तर आज कशाला उभा राहू? म्हातारा खडूस, पण बरोबर. आरसे नीट लावले. डावा, उजवा, खालचा तो गोल फुगीर आरसा. थांबायचं, उतरायचं, स्वतःच मागे जाऊन बघायचं, पुन्हा चढायचं. कुंपणाचा एक खांब मी पाडला, तो मीच पुन्हा उभा केला. पाय मोकळा झाला, आणि झाला त्या दिवशी मला आनंद होण्याऐवजी वाईट वाटलं.

दुसऱ्या खेपेला त्याच बाई होत्या. शंकूंमधून घर सरळ मागे नेलं, एकही शंकू हलला नाही. त्यांनी हात मिळवला.

फोनवर आबांना म्हणालो, "पास व्हयनू." दुकानातला रेडिओ ऐकू येत होता. मग आबांनी विचारलं, "मांगे कोन उभं व्हतं?"

"कोणी नाही, आबा. आरशात बघून घेतली."

"कोनी नही?"

"कोणी नाही."

"बेस व्हयनं," आबा म्हणाले. "आते गाडी इकी टाकस."

गाडी विकू नका, असं मी म्हणालो नाही. ते बरोबरच बोलत होते. वॉल्टरच्या आवाराबाहेरच्या पार्किंगमधल्या फोनच्या डब्याशी उभा राहून मी रडलो, आणि वॉल्टरला वाटलं की आनंदाने रडतोय. त्याने पाठ थोपटली.

त्यानंतर मी पुष्कळ घरं हाकली. लोकांची उशा-पांघरुणं, भांडीकुंडी, भिंतीवर चिकटवलेले नातवंडांचे फोटो, सगळं घेऊन वाळवंटातून, डोंगरांमधून. परक्याचं घर हाकत नेताना माणूस स्वतःच्या घराचा फारसा विचार करत नाही, हे तुम्ही जे माझ्यासारखे बाहेर गेलात त्यांना कळेल. तुम्ही कोणी पेट्रोल पंपावर असाल, कोणी मोटेलच्या गल्ल्यावर. विचार येतो तो गावी गेल्यावर.

काही वर्षांनी हिवाळ्यात आम्ही सोनगीरला गेलो. ट्रक उभा असायचा त्या जागेवर आबांनी खोली बांधली होती. फरशी, गुळगुळीत भिंती, आणि आमच्यासाठी कमोड. ट्रकच्याच पैशांतली ती खोली, हे मायने सांगितलं, आबांनी नाही. पूर्वी मला चहा पितळी गिलासात मिळायचा, आता कपबशीत मिळाला. पलंगावर नवी कोरी चादर. मी बादली उचलायला गेलो तर आबांनी हातातून काढून घेतली, म्हणाले, "ऱ्हाऊ दे, तू बस."

संध्याकाळी ओट्यावर दोघंच बसलो होतो. समोरून आग्रा रोडचे ट्रक जात होते. आबांनी चांगल्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं आणि अगदी सहज, पाहुण्याची चौकशी करावी तसं विचारलं, "मंग, घर कधी जानं शे?"

मला वाटलं, त्यांना म्हणावं, आबा, घरीच तर आलोय. पण त्यांनी काही वाकडं म्हटलं नव्हतं.

"पुढल्या गुरुवारी," मी म्हणालो.