दार लावून सांगितलेला संयम

संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे निघत होते, तेव्हाची गोष्ट. दादरच्या आमच्या शाळेत बाईंनी आम्हा नववीच्या मुलींना वर्गाचं दार लावून सांगितलं, "मुलींनो, संयम पाळा." एवढाच धडा. मला वाटलं, दगड मारू नका म्हणतायत. शिवाजी पार्कच्या सभेत पुढारीही तेच सांगत. घरी हे ऐकून परळच्या हॉस्पिटलात नर्स असलेली मावशी खो खो हसली. तिने कॅलेंडरच्या पाठीवर गर्भाशय काढून दिवस कसे जातात, ते कसं टाळतात, सगळं सांगितलं. आईने तो कागद शेगडीत घातला. खरं कोणाचं, बाईंचं की मावशीचं, मला कळेना. बाईंचा तर रागच आला. काय करायचं नाही, ते तरी सांगा!

पुढे माझ्या लेकीने मला विचारलं, दिवस कसे जातात. मी उठून दार लावलं आणि म्हटलं, "संयम पाळ."