सासूबाईंचं पुढे ठेवलेलं घड्याळ

माझा नवरा प्रज्योत न्हावा शेव्याजवळच्या एका कंटेनर यार्डात कामाला आहे. तिथले सगळे कॉम्प्युटर एकच वेळ दाखवतायत ना, हे तो बघतो. त्यासाठी एक सॉफ्टवेअर आहे. ते नेटवरून खरी वेळ विचारतं आणि प्रत्येक मशीनचं घड्याळ तिच्याशी जुळवतं. एवढं करून माणसाने घरी तरी गप्प बसावं ना!

आमच्या घरातलं घड्याळ सासूबाईंनी मुद्दाम दहा मिनिटं पुढे ठेवलेलं, कुणाची गाडी चुकू नये म्हणून. हे सगळ्यांनाच ठाऊक. त्यामुळे जो तो घड्याळ बघतो, मनात दहा मिनिटं वजा करतो आणि निवांत दुसरा चहा घेतो. शेजारचे नामाकाका तर ओट्यावरूनच आमचं घड्याळ बघतात आणि वजाबाकी करतात.

रविवारी प्रज्योत स्टुलावर चढला. "चुकीची वेळ माझ्या घरात चालणार नाही," म्हणाला आणि काटे मागे घेतले.

सोमवारी सगळ्यांनी सवयीने वजाबाकी केली. माझी एसटी गेली, नामाकाकांचीही गेली. आणि हे महाशय? स्वतः लावलेल्या घड्याळातून स्वतःच दहा मिनिटं वजा करून, दुसरा चहा पिऊन नाक्यावर पोचले, तेव्हा कंपनीची बस कधीच निघून गेली होती.

तोंड पाडून तो परत आला, तर स्टुलावर सासूबाई! काटे पुढे सरकवत म्हणाल्या, "तुजी मशिना टाइम लावाच्या आधी इचारतान ना? तू कोनाला इचारलास?"