वन्संच्या पायाचा साचा

साचेवाल्या बाईंच्या हाताखालून आजवर हजारो पाय गेले होते. दुखऱ्या पायांचे प्लास्टरचे साचे घ्यायचे आणि त्यांवरून बुटात घालायचे तळवे बनवायचे, हे त्यांचं काम. पण नणंदेचा पाय कधी हाती येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. नणंदबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. भावजयीच्या कामात खोट काढण्याचं व्रत त्यांनी तीस वर्षांत एक दिवसही मोडलं नव्हतं. आता टाच टेकवेना, म्हणून त्या आल्या. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथे अडलेल्या हरीचेच पाय धरायचे होते.

"वन्सं, पालथ्या झोपा. पाऊल पलंगाबाहेर अगदी सैल सोडा."

"सैलच आहे," नणंदबाई उशीतून म्हणाल्या. पाऊल मात्र ताठ, बोटं आखडलेली.

बाईंनी कोमट पाण्यात भिजवलेल्या पट्ट्या तळव्यावर चापून बसवल्या, घोटा ना आत ना बाहेर असा मधोमध धरला. प्लास्टर आवळायला लागलं, तशी मदत म्हणून नणंदबाईंनी पाऊल वर ओढलं. साचा बाद! त्यावरून तळवा केला असता तर नको तिथे टोचला असता. दुसराही असाच गेला. तिसऱ्या वेळी, आपण काहीच करत नाही हे पटवायला त्यांनी अंगठा हलवून दाखवला.

मुख्याध्यापिकेला रागावणार कोण? बाईंनी चौथ्यांदा पट्ट्या भिजवल्या आणि साळसूदपणे विचारलं, "वन्सं, मी लग्न होऊन आले, त्या पहिल्या दिवशी माझं काय काय चुकलं होतं हो?"

नणंदबाईंची कळी खुलली. "एक असेल तर सांगू! दूध उतू घालवलंस. बाबांचा चष्मा कपड्यांबरोबर भिजत घातलास. आणि वर मलाच विचारलंस, 'तुम्ही किती दिवस राहणार?'"

बोलता बोलता पाऊल ओल्या फडक्यासारखं सैल पडलं. हसण्याने आपलाच हात हलू नये म्हणून बाईंनी ओठ दाताखाली धरला. प्लास्टर वाळलं, साचा मोज्यासारखा अलगद निघाला.

"झालं, वन्सं."

"झालं कसं? दुसरा दिवस राहिलाय अजून!"

"तो डाव्या पायाला."

दोन आठवड्यांनी तळवे तयार झाले. ते बुटात घालून नणंदबाईंनी व्हरांड्यात तीन येरझारा घातल्या, कपाळाला आठ्या घालून.

"कुठे टोचतंय का?" बाईंनी धास्तीने विचारलं.

"सापडलं तर कळवते," त्या म्हणाल्या, आणि गाडी न बोलावता चालत घरी गेल्या.