सुधीरभाऊंची पेटी

मंजिरीचा, सुधीरभाऊंच्या बायकोचा, फोन आला तेव्हा मी गाडीतून किराणा उतरवत होते. "सुधीर गेला गं... सकाळी उठलाच नाही." माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "कशानं?" ती म्हणाली, "हार्ट. झोपेतच." मी तिथेच पायरीवर बसले आणि श्वास सोडला. दुःख नंतर आलं, आधी सुटल्यासारखं वाटलं. माझा सुस्कारा तिला ऐकू गेला असावा. मग म्हणाली, "मलाही पहिल्यांदा तेच वाटलं."

सुधीरभाऊ अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या आमच्या मराठी मंडळाचे झांजवाले. गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. आरतीत ताल चुकणाऱ्याला नुसत्या डोळ्यांनी दटावायचे. २००१ च्या सप्टेंबरमधल्या हल्ल्यांनंतर पेट्रोल पंपावर कुणीतरी शिव्या देत त्यांच्या अंगावर धावून आलं. भाऊंनी पिस्तूल घेतलं, लोखंडी पेटीत कुलूपबंद केलं आणि विसरून गेले. काही वर्षांनी नोकरी गेली. आम्ही ओळखी काढल्या, रेझ्युमे फिरवला, डबे पोचवले. ते मात्र आरतीला मागे उभे राहू लागले, रिकाम्या हातांनी.

दुसऱ्या राज्यात एका कॉलेजात गोळीबार झाला, त्या आठवड्यात आमच्याकडे पॉटलक होतं, प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचं जेवण. दिवाणखान्यात वाद पेटला. "इथे बंदूक म्हणजे दूध-ब्रेड आहे यार, दुकानात जा नि घेऊन या!" "बंदुकीचं काय घेऊन बसलात? असल्या वेड्यांना आधी आत टाका." मी मसालेभात परतत होते. सुधीरभाऊ ताट घेऊन आत आले. ताट कोरडंच होतं.

"वहिनी, तो वेडे म्हणाला ना... त्यातला मी एक. आणि पिस्तूल घरातच आहे. हल्ली सारखी पेटी आठवते."

मी गॅस बंद केला. "किल्ली कुठाय?"

"खिशात."

"द्या इकडे. मंजिरीला माहितीये?"

"पिस्तुलाचं माहितीये. बाकीचं नाही."

"मग आता तिला बोलावते. तुम्ही सांगा, मी इथेच उभी आहे."

अजितनं, माझ्या नवऱ्यानं, पोलिसांना फोन केला. पेटी बंद आहे, कुणी हात लावलेला नाही, हे त्यानं इतकं सावकाश सांगितलं की एरवी आम्ही हसलो असतो. त्याच दुपारी एक अधिकारी त्यांच्या घरी येऊन पिस्तूल घेऊन गेला. डॉक्टर मिळायला मात्र कितीतरी आठवडे लागले. नोकरीबरोबर विमाही गेला होता. तोवर आम्ही पाळ्या लावल्या, रोज कुणीतरी त्यांच्याबरोबर फिरायला. पुढे काउन्सेलरकडे जायला लागले तेव्हा कुरकुरले, "वहिनी, ती बाई काही बोलतच नाही हो. सगळं मीच बोलायचं?" त्या कुरकुरीनं मला किती बरं वाटलं!

गणपतीत ते रिकामी पेटी घेऊन आले. "मंडळाच्या झांजा यात ठेवा. किल्ली तुमच्याकडेच असू दे." त्या वर्षी ते पुन्हा पुढे उभे राहिले.

पॉटलकला तो वाद अजून होतो. मी एवढंच म्हणते, जरा बेतानं बोला, स्वयंपाकघरात कुणीतरी ऐकत असेल.

यंदा गणपतीत, भाऊंच्या माघारी, पेटी मी उघडली. झांजा त्यांच्या जुन्या पंच्यात नीट गुंडाळलेल्या होत्या. मंजिरीच्या हातात दिल्या. पहिल्याच कडव्याला तिचा ताल चुकला. आम्ही दोघींनी एकदमच, ते उभे राहायचे तिकडे पाहिलं...