राजहंसाची पाटी

राजहंस एक्सप्रेसच्या इंजिनावरची पाटी पेंटरकाकांनीच रंगवायची, हा गावचा अलिखित कायदा. दोन रेल्वे कंपन्या एकमेकींवर कुरघोडी करत होत्या, तेव्हाची ही गाडी. पलीकडच्या मार्गावर त्यांची 'वायुकन्या', तर इकडे आपली 'राजहंस'. पांढरेशुभ्र डबे, जेवणाच्या डब्यात इस्त्रीचे टेबलक्लॉथ. एवढी दिमाखदार गाडी एवढ्याशा गावात थांबायची, कारण इंजिनाला इथे पाणी लागायचं. पुढे वाफेची इंजिनं गेली, थांबा तेवढा राहिला. काका गाडीच्या नावाखाली बारीक अक्षरात गावाचंही नाव टाकायचे. साहेबलोक काणाडोळा करायचे.

मेहुणा रेल्वेच्याच कचेरीत कारकून. वडील गेल्यावर तो बहिणीच्या, म्हणजे काकांच्याच घरी वाढला. ब्रश धुण्यापासून पाटी खरवडण्यापर्यंत काकांनी त्याला सगळं शिकवलं. अक्षराच्या नावानं बोंब आहे म्हटल्यावर साहेबांच्या हातापाया पडून कचेरीत चिकटवलं. पुढे दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि तो एकदा घाईघाईनं आला.

"दाजी, राजहंसाला नवी पाटी हवीय. यंदा गावाचं नाव नको बरं का."

"का रे? गाव काय वाहून गेलं?"

"नवी पद्धत आहे हो. सगळीकडेच."

काका हसले. जीव ओतून पाटी रंगवली. पण हाताला खाज ती खाजच. खाली गावाचं नाव टाकलंच.

नवं वेळापत्रक लागलं त्या दिवशी ते स्टेशनवर गेले. गाडी आली, पण तिच्या तोंडावर पाटीच्या बोल्टांची नुसती भोकं.

"पाटी पडली की काय?" त्यांनी ड्रायव्हरला विचारलं.

"पडतेय कशाला? राजहंस आता पलीकडच्या मार्गावरून जाते, काका. ही साधी पॅसेंजर. तुमच्या मेहुण्यानंच तर कागद फिरवले. तिकडे बढतीही मिळाली त्याला. घरी बोलला नाही?"

घरी तो काहीच बोलला नव्हता. गळा कापणाऱ्याला सुरीची धारही आपणच लावून दिली, हे काकांच्या मनातून जाईना. जेवण जाईना, बायकोशी धड बोलवेना. भाऊ तिचा होता ना.

मग एक दिवस मेहुणाच दारात उभा राहिला. काखेत गोणपाटात गुंडाळलेली पाटी.

"दाजी, लोक गावाचं नाव वाचून चढतात आणि तिकडे भलतीकडेच उतरतात. रोज तक्रारी. एवढं नाव खोडून द्या. तिकडच्या पेंटरला मी हात लावू दिला नाही. तुमचं अक्षर बिघडवायचा तो."

"मला आधी सांगितलं असतंस तर?"

"तर पाटी रंगवली असती तुम्ही?"

"नसती."

"मग!"

बहिणीनं चहा आणला होता. तिनं एकच कप ठेवला, नवऱ्यापुढे. काकांनी फळीवरची रंग खरवडायची पट्टी काढली आणि मेहुण्याच्या हातात दिली.

तो खाली बसला. चिंधी रॉकेलमध्ये बुडवून अक्षरांवर फिरवली, पट्टी आडवी धरली, एकेक अक्षर अलगद उचललं. खालच्या पांढऱ्याला धक्का नाही, वरच्या राजहंसाला शिंतोडा नाही. गाव गेलं. काकांनी पाटी उजेडात धरून उलटसुलट पाहिली. अगदी शिकवलं होतं तसं. एखादा ओरखडा उठला असता, तर त्याच्यावर ओरडता तरी आलं असतं.