शेवंतीवहिनींचं निलगिरीचं पाणी

शेतात तण आणि गटात किस्से, दोन्ही न पेरता उगवतात. मुळगावच्या आमच्या नाचणी गटात चहाला बसलं की एखादा निघतोच, आणि निम्मे शेवंतीवहिनींचे. सगळेच हसण्यासारखे नाहीत.

*

वहिनींचे यजमान विश्रामभाऊ शेतात तणनाशक फवारायचे. एकदा बाटलीचं झाकण निघेना. जोर लावला, तसं औषध उसळून डोळ्यात गेलं. हॉस्पिटलात पोचेपर्यंत उशीर झाला होता. डोळा गेला.

त्यानंतर भाऊ शेतात पाऊलच टाकीनात. वहिनी मीटिंगमध्ये एवढंच बोलल्या, "ती बाटली परत माज्या घरात येवची नाय!"

*

निलगिरीखाली गवत धड वाढत नाही, हे आम्ही सगळ्यांनीच पाहिलेलं. वहिनींनी तिची पानं कुटली, उकळली आणि पाणी पंच्यातून गाळून घेतलं. वास पार रस्त्यापर्यंत! त्यांचा दीर पुंडलिक अंगणातूनच ओरडला, "वैनी, सर्दी कोणाक झाली?"

"तणाक!"

*

पहिल्या हंगामात नाचणी पेरली आणि लगेच ते पाणी फवारलं. तण उगवलं नाही. नाचणीही नाही!

पुंडलिक म्हणाला, "पाखरां राखूची कटकट तरी गेली." कोणी हसलं नाही. वहिनी बांधावर बसल्या होत्या. मग पदर झटकून उठल्या. "पाण्याची चूक नाय. आमीच घाई केली."

पुढच्या खेपेला आधी रोपं तयार केली, शेतात लावली, ती नीट रुजू दिली आणि मगच फक्त ओळींच्या मधे फवारलं. नाचणी उभी राहिली.

*

हे ऐकून पेडण्याहून एक शेतकरी मोटारसायकलवरून आले. शेत फिरून पाहिलं. "सगळं तण मरतं?"

"नाय. अर्धां मरता. उरलेलां हातान काढतंय."

पाहुणे हिरमुसले. "मग उपयोग काय?"

वहिनींनी कमरेवर हात ठेवला. "हिका विचारा!"

*

आणि हा यंदाचा. आम्ही फवारणीला जमलो होतो. वहिनी पंप पाठीवर चढवत होत्या, तेवढ्यात मागून कोणीतरी पट्टा धरला. विश्रामभाऊ! एवढ्या वर्षांनी शेतात. त्यांनी पंप काढून घेतला आणि आपल्या पाठीवर चढवला.

वहिनींनी पिशवीतून फवारणीचा चष्मा काढून पुढे धरला.

भाऊ म्हणाले, "अगो, पानांचां पाणी तां! चष्मो कित्याक?"

वहिनींनी चष्मा त्यांच्या हातात कोंबला.

"एक डोळो तुमचो होतो, तो गेलो. ह्यो उरलो तो माजो. घाला चष्मो!"